शाळेत इंटरॅक्ट क्लब सुरू करताना: चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) निर्माल्यापासून

इंटरॅक्ट हा रोटरी या सेवासंस्थेचा १२ ते १८ वर्षांच्या मुलांसाठीचा क्लब. पहिला १९६२ साली अमेरिकेत, फ्लोरिडातल्या मेलबर्न हायस्कुलात निघाला. मूल रोटरीच्या सदस्याच्या घरचं असण्याची गरज नाही, पण क्लबला एक पालक रोटरी क्लब लागतो. तेव्हा पहिलं पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने जवळच्या रोटरी क्लबला द्या. शाळेकडून एक शिक्षक आणि रोटरीकडून एक सल्लागार ठरल्याशिवाय मुलांची नावं घेऊ नका. शिक्षक नेमके हवेत: ज्यांच्याकडे आधीच एनसीसी, स्काउट आणि स्नेहसंमेलन आहे, त्यांच्या गळ्यात हेही बांधलं की दिवाळीनंतर सभाच होत नाहीत.

सुरुवातीला २५-३० मुलं पुरेत. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार मुलांनीच निवडायचे. अध्यक्ष नववीतला असावा. दहावीचा घेतला तर दिवाळीनंतर तो पुस्तकात बुडतो, आणि मार्चनंतर शाळेतच नसतो. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणून निवड जूनमध्येच उरका. पालकांचं संमतीपत्र लेखी घ्या, फोटोची परवानगी त्यात वेगळ्या ओळीत मागा. कुठल्याही उपक्रमाला दोन मोठी माणसं हवीतच, एक कधीच नाही.

वर्षाला किमान दोन उपक्रम अपेक्षित असतात: एक शाळा किंवा गावासाठी, दुसरा आंतरराष्ट्रीय सामंजस्याचा.

गावासाठीच्या उपक्रमात वह्यावाटप सोपं, फोटोही छान येतो. पण मुलांना त्यात करण्यासारखं काही नसतं. गोव्यात चवथीचं निर्माल्य घ्या. विसर्जन बहुधा रात्री, नदीवर नाही तर तळीवर. तिथे मुलांना उभं करायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलात तर हार पाण्यात गेलेले असतात. म्हणून निर्माल्य घरूनच उचलायचं, विसर्जनाच्या दिवशी दुपारी.

इथे एक मेख आहे. चवथीला अर्धी शाळा मूळ घरी जाते. फोंड्याच्या शाळेतलं मूल पेडण्यात किंवा सत्तरीत असतं. शाळेच्या परिसराची वाटणी केलीत तर माणसंच मिळणार नाहीत. प्रत्येकाला 'चवथ कुठल्या वाड्यावर?' असं विचारा आणि तेवढीच घरं त्याला द्या, आठ-दहा पुरे. घर दीड दिवसाचं, पाच की सात, तेही यादीत लिहा. दोन दिवस आधी प्रत्येक घरी एक गोणपाटाची पिशवी द्यायची; प्लास्टिकची पिशवी दिली की फुलं आतच कुजतात. लांबच्या मुलांनी निर्माल्य तिथल्याच कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) माडाच्या आळ्यात घालावं, शाळेत आणायचा अट्टहास नको.

शाळेत आलेल्या हारांचे दोरे आधी कापून काढा. ते खतात लवकर कुजत नाहीत, फावड्याला गुंडाळतात. थर्माकोल, जरतार, प्लास्टिकची फुलं वेगळी. माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीचे) नारळ, सुपाऱ्या घरचे लोक ठेवून घेतात. उरलेली रानफळं चिरून घातली तर लवकर कुजतात.

खड्डा खणू नका. पावसात तो भरतो, हवा कोंडते आणि आठवड्यात वर्गापर्यंत वास येतो. छपराखाली तारेच्या जाळीचं मीटरभर रुंद, मीटरभर उंच कडं करा, तळाला काटक्या. एक टोपली फुलांमागे दोन-तीन टोपल्या सुका पातेरा, म्हणजे गळलेली पानं. पण भाद्रपदात सुका पातेरा कुठून आणणार? तो फेब्रुवारी-मार्चमध्ये आंब्या-काजूखालचा गोळा करून गोण्यांत भरून ठेवावा लागतो. पहिल्या वर्षी तो नसेलच, तेव्हा सुताराकडून लाकडाचा भुसा आणा. प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो. आठवड्यातून एकदा ढीग परता. मूठभर माल हातमोजा घालून पिळा: थेंब-दोन थेंब पडले तर ठीक, धार लागली तर भुसा वाढवा, काहीच नाही तर पाणी शिंपडा. अडीच-तीन महिन्यांत काळसर, मातीच्या वासाचं खत होतं. चाळून शाळेच्या बागेला घाला.

दुसऱ्या उपक्रमासाठी परदेशातल्या इंटरॅक्ट क्लबशी व्हिडिओवर बोलणं जमतं. ओळख रोटरीमार्फत करून घ्या. वेळ मात्र आधी मांडून पाहा. केनिया आपल्यामागे अडीच तास आहे, इथले दुपारी बारा म्हणजे तिथले साडेनऊ, दोन्हीकडे शाळा चालू. अमेरिकेशी असा मेळ बसत नाही. 'तुमच्या गावात पाऊस कसा पडतो' असे पाच प्रश्न आधी पाठवा, नाहीतर दोन्हीकडची मुलं नुसती हात हलवत बसतात.

पैसे शाळेच्या किंवा पालक क्लबच्या खात्यात ठेवा, मुलांच्या हातात फक्त किरकोळ खर्चाचे. खजिनदाराने खर्च त्याच दिवशी वहीत लिहावा, पावती समोरच्या पानाला चिकटवावी. निर्माल्याच्या घरांची यादीही त्याच वहीत शेवटी ठेवा. जूनमध्ये नव्या खजिनदाराला वही देताना ती दोघांनी मिळून वाचायची, कुठली घरं दीड दिवसाची ते पुन्हा विचारत फिरावं लागत नाही.