टेलिकॉम सर्व्हरची जोडी नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर कशी न्यावी

जोडीने चालणारे दोन टेलिकॉम सर्व्हर कोरे करकरीत इन्स्टॉल करायचे ठरले की पहिला मोह होतो तो एकाच रात्रीत दोन्ही उरकण्याचा. तो टाळा. एका वेळी एकच मशीन हाती घ्या, तेही स्टँडबाय, म्हणजे राखीव. प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. खरी मेहनत त्याच्या आधी आणि नंतर असते. जोडीतल्या काही गोष्टी तंतोतंत सारख्या लागतात, काही मुद्दाम वेगळ्या लागतात, आणि बहुतेक बिघाड या दोन याद्यांची सरमिसळ झाल्याने होतात.

हात लावण्याआधी

ऑपरेटिंग सिस्टिम कोणती घ्यायची हे आवडीवर ठरत नाही. तुमचे सॉफ्टस्विच (कॉल जोडणारे सॉफ्टवेअर), पीबीएक्स (कार्यालयाचे टेलिफोन एक्स्चेंज) किंवा बिलिंगचे सॉफ्टवेअर कशावर चालते याची यादी त्याच्या कंपनीकडे असते. ती आधी पाहा. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली, त्यामुळे त्यावर अडकलेल्या बऱ्याच जोड्या आज रॉकी लिनक्स, अल्मालिनक्स किंवा डेबियनकडे वळत आहेत. सर्व्हरमध्ये ई-१ लाइनचे (टेलिफोनच्या डिजिटल लाइनचे) कार्ड असेल तर त्याचा ड्रायव्हर नव्या कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर) कंपाइल होतो का, हे दुसऱ्या एखाद्या मशीनवर तपासून घ्या. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर लोडच होणार नाही, हेही ध्यानात असू द्या.

बॅकअपमध्ये कॉन्फिगरेशन, डेटाबेस आणि कॉलच्या नोंदी सगळेच घेतात. विसरतात त्या गोष्टी वेगळ्या: टीएलएस प्रमाणपत्रे आणि त्यांच्या खासगी किल्ल्या, क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामे, सिस्टिमच्या आवाजाचे रेकॉर्डिंग, नेटवर्कचे स्थिर मार्ग आणि लायसन्स. लायसन्स बहुधा मॅक अ‍ॅड्रेसला किंवा हार्डवेअरच्या ओळखीला बांधलेले असते; नव्या इन्स्टॉलेशननंतर ते पुन्हा काढून द्यावे लागेल का, हे कंपनीला आधीच विचारा.

शक्य असेल तर जुन्या डिस्क पुसूच नका. त्या काढून, कोणती कोणत्या खाचेतली हे चिठ्ठीवर लिहून बाजूला ठेवा आणि इन्स्टॉलेशन नव्या डिस्कवर करा. परतीचा याहून खात्रीचा रस्ता नाही.

स्टँडबाय जोडीतून बाहेर काढा

चालू मशीन एकट्याने गर्दीच्या वेळचा भार पेलते का, हे आलेखावर पाहून घ्या. मग स्टँडबायवरचे कीपअलाइव्हडी किंवा पेसमेकर (कोणते मशीन चालू राहील हे ठरवणारे सॉफ्टवेअर) नुसते थांबवू नका, बूट होताना सुरू होणार नाही असेही करा. कोरे मशीन अर्धवट कॉन्फिगरेशनने उठून सामायिक आयपीवर (जोडीतल्या चालू मशीनकडे असणाऱ्या पत्त्यावर) हक्क सांगू लागले तर धडधाकट सेवेचे कॉल तुटतील.

इन्स्टॉलेशन

आयएसओ फाइलचा शा-२५६ चेकसम जुळवा. बायोसमध्ये वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होईल असे ठेवा, आणि दोन्ही मशीनवर फर्मवेअरची आवृत्ती एकच आणा. आयपीएमआय, आयड्रॅक किंवा आयएलओ (मशीन दुरून चालू-बंद करण्याची सोय) यांपैकी जे असेल त्याचा पासवर्ड आणि स्वतंत्र मॅनेजमेंट नेटवर्क याच टप्प्यावर लावा. पुढे फेन्सिंगला, म्हणजे बिघडलेले मशीन सक्तीने बंद करायला, तेच लागणार आहे.

दोन डिस्कवर रेड-१ करा, म्हणजे एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर राहील. सॉफ्टवेअर रेड असेल तर एक ठेच इथे हमखास लागते: यूईएफआय फर्मवेअर जिथून बूट करते ते ईएसपी पार्टिशन सहसा मिररमध्ये नसते, त्यामुळे बूटलोडर पहिल्याच डिस्कवर बसतो. डेटा दोन ठिकाणी, पण पहिली डिस्क गेली की मशीन सुरूच होत नाही. दुसऱ्या डिस्कवरही ईएसपी बनवा, बूटलोडर बसवा, फर्मवेअरच्या बूट-यादीत त्याची नोंद करा आणि पहिली डिस्क खरोखर काढून मशीन उठते का पाहा.

लॉग जिथे साठतात ते व्हार पार्टिशन वेगळे ठेवा. सिपचा (कॉल जुळवणाऱ्या प्रोटोकॉलचा) डीबग चालू राहिला की लॉग बघता बघता फुगतो, आणि रूट पार्टिशन भरले की सगळेच गळपटते. डेस्कटॉप वगैरे काही नको. किमान पॅकेजे आणि एसएसएच पुरे.

पहिल्या मशीनची प्रतिमा काढून दुसऱ्यावर टाकणे सोपे वाटते. त्यात मशीन-आयडी आणि एसएसएचच्या होस्ट-किल्ल्या जशाच्या तशा जातात, आणि डीएचसीपी असेल तर दोघांना एकच पत्ता मिळण्याचा प्रसंगही येतो. माझा कल किकस्टार्ट किंवा प्रीसीडकडे, म्हणजे इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरे फाइलमधून देण्याकडे, आहे. एकच उत्तरफाइल, तिच्यात होस्टनेम आणि आयपी एवढेच वेगळे, आणि उरलेले काम सगळ्या मशीनवर एकसारखे कॉन्फिगरेशन लावणाऱ्या अ‍ॅन्सिबलने. चार महिन्यांनी दोघांत काय फरक पडला हेही त्यामुळे लगेच कळते.

नेटवर्क

दोन पोर्टचे बाँडिंग करताना, म्हणजे ते एकच म्हणून वापरताना, एक पोर्ट मदरबोर्डवरचा आणि दुसरा वेगळ्या कार्डावरचा घ्या, आणि केबली दोन वेगळ्या स्विचमध्ये लावा. एकाच कार्डाचे दोन पोर्ट एकाच स्विचला जोडणे म्हणजे नुसते समाधान. स्विच एकमेकांशी स्टॅक किंवा एमलॅगने (दोन स्विच एकच भासवणाऱ्या पद्धतींनी) जोडलेले नसतील तर एलएसीपीच्या (दोन्ही पोर्ट एकदम चालवण्याच्या) भानगडीत न पडता अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप पद्धत (एक पोर्ट चालू, दुसरा राखीव) वापरा. सिगट्रान किंवा डायमीटर (टेलिकॉम सिग्नलिंगचे प्रोटोकॉल) एससीटीपी या वाहक प्रोटोकॉलवर चालत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. एससीटीपीला स्वतःचे मल्टीहोमिंग (एकाच जोडणीला अनेक मार्ग) आहे, म्हणून तिथे दोन इंटरफेस दोन स्वतंत्र नेटवर्कवर ठेवा. वीजपुरवठ्यालाही हाच नियम: दोन पॉवर सप्लाय दोन वेगळ्या फीडवर, मग ते उणे ४८ व्होल्ट डीसी असो वा एसी.

फायरवॉलमध्ये सिपचे ५०६० आणि टीएलएससाठी ५०६१ सगळे उघडतात. आरटीपीची (आवाज वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलची) पोर्ट-रेंज मात्र सॉफ्टवेअरच्या कॉन्फिगरेशनमध्ये पाहून तेवढीच उघडा. कीपअलाइव्हडी ज्यावर बोलते तो व्हीआरआरपी हा पोर्ट नाही, ११२ क्रमांकाचा आयपी प्रोटोकॉल आहे. तो अडला तर दोन्ही मशीन स्वतःला मास्टर समजतात. कर्नलचा सिप हेल्पर बंद ठेवा, कारण तो पाकिटातले पत्ते बदलतो आणि मग एका बाजूचा आवाज का येत नाही हे शोधत बसावे लागते. सामायिक आयपीवर ऐकणारी सेवा स्टँडबायवर सुरू व्हायची असेल तर नॉन-लोकल बाइंडची (मशीनवर सध्या नसलेल्या पत्त्यावर ऐकण्याची) परवानगीही द्या.

घड्याळ जुळवण्यासाठी क्रोनी हे सॉफ्टवेअर वापरा आणि चार स्रोत द्या, म्हणजे एखादा चुकला तर बाकीच्यांवरून ओळखता येतो. घड्याळे सरकली की कॉलच्या नोंदी आणि पर्यायाने बिले चुकतात. आपोआप होणारे अपडेट दोन्ही मशीनवर बंद ठेवा. एकाच पहाटे दोघे रीबूट झाले तर जोडीचा उपयोग काय?

पुन्हा जोडी जुळवताना

सर्वांत नाजूक काळ म्हणजे एक मशीन नवे, एक जुने. क्लस्टरमधली मशीन ज्यातून बोलतात त्या कोरोसिंकच्या २ आणि ३ या आवृत्त्या एकमेकांशी बोलत नाहीत. पोस्टग्रे डेटाबेसच्या दोन मोठ्या आवृत्त्यांमध्ये स्ट्रीमिंग रेप्लिकेशन (बदल सतत दुसरीकडे पाठवणे) चालत नाही. अशा वेळी नव्या मशीनवर एका नोडचे नवे क्लस्टर उभारा, डेटा डंप करून आणा आणि ठरलेल्या शांत वेळेत वाहतूक हलवा. तेवढा वेळ तुम्हाला राखीव मशीन नाही, हे वरिष्ठांना लेखी कळवलेले बरे.

दोघांमधल्या हृदयठोक्याला (मी जिवंत आहे हे सांगणाऱ्या संदेशांना) दोन स्वतंत्र मार्ग द्या आणि फेन्सिंग चालू करा. आयपीएमआयवरचे फेन्सिंग चांगले, पण समोरच्या मशीनची वीजच गेली तर आयपीएमआयही मरते. मग क्लस्टर खात्री होईपर्यंत थांबून राहते. म्हणून दुसरी पायरी रिमोटने बंद करता येणाऱ्या पीडीयूची (वीज वाटणाऱ्या पट्टीची) असावी.

कीपअलाइव्हडी वापरत असाल तर त्याला नुसते मशीन जिवंत आहे की नाही एवढेच कळते. सिप प्रक्रिया गोठली तरी आयपी तिथेच राहतो. म्हणून सिपचा ऑप्शन्स (चौकशीचा) संदेश पाठवून उत्तर तपासणारी छोटी स्क्रिप्ट जोडा. शिवाय नोप्रीएम्प्ट (आयपी परत हिसकावू नको) हा पर्याय लावा, आणि त्यासाठी दोन्हीकडे सुरुवातीची स्थिती बॅकअप ठेवा. नाहीतर पडलेले मशीन परत येताच आयपी हिसकावून घेते आणि कॉल दुसऱ्यांदा तुटतात.

तोडून पाहा

सेवा सभ्यपणे थांबवणे ही चाचणी नव्हे. चालू कॉलसकट प्रक्रिया एकदम मारा, मग एक केबल काढा, मग दोन्ही, मग वीज. प्रत्येक बिघाडाचा मार्ग निराळा असतो. अ‍ॅस्टरिस्कसारख्या सॉफ्टवेअरमध्ये चालू कॉल दुसऱ्या मशीनवर जात नाहीत, ते तुटणारच. पाहायचे ते हे की नवे कॉल किती सेकंदांत लागतात आणि येणारे कॉल फोनपर्यंत पोहोचतात का. फोनच्या नोंदणीचा डेटाबेस सामायिक नसेल आणि नोंदणीची मुदत ३६०० सेकंद असेल, तर फोन तासभर बाहेर कॉल करू शकेल पण त्याची घंटा वाजणार नाही. तक्रार येईपर्यंत हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

हे जमले की वाहतूक नव्या मशीनवर काही दिवस राहू द्या, निदान एक गर्दीचा आठवडा आणि एक बिलिंगची फेरी. मगच दुसरे मशीन घ्या. त्याला निम्मा वेळही लागणार नाही, कारण उत्तरफाइल तयार आहे. नंतर उलट दिशेने, म्हणजे दुसऱ्यावरून पहिल्यावर, सगळ्या चाचण्या पुन्हा करा. एका दिशेने चालणारी जोडी दुसऱ्या दिशेने चालेलच असे नाही. एखादा फायरवॉलचा नियम किंवा किल्ली एकाच बाजूला राहून गेलेली असते.

बाजूला ठेवलेल्या जुन्या डिस्कवर ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी आणि पासवर्ड आहेत. परतीची गरज संपली की त्या भंगारात देण्याआधी नीट पुसा. एसएसडीवर नुसते शून्य लिहून भागत नाही, राखीव भागात डेटा उरू शकतो. डिस्कची स्वतःची सिक्युअर इरेजची आज्ञा वापरा आणि अनुक्रमांकासह त्याची नोंद ठेवा.