गाडीच्या चाकांखाली पेव्हर ब्लॉक खचत होते, ते असे थांबले

फाटकापासून पोर्चपर्यंत चाकांच्या दोन पट्ट्यांत ब्लॉक खचायचे, पाणी साचायचे. वरून वाळू भरली, ब्लॉक उचलून पुन्हा बसवले. पावसात पुन्हा तेच. अक्षरशः वैताग आला. दोष ब्लॉकचा नव्हताच, खालचा भराव नीट दाबलेला नव्हता.

उपयोगी पडलेला क्रम असा: ब्लॉक काढून मऊ माती खोदून टाकली, तळ दाबला. मग खडी आणि कच (दगडाचा बारीक चुरा) यांचे प्रत्येकी १०० मिमीचे दोन थर, प्रत्येक थर ओलसर करून प्लेट कॉम्पॅक्टरने (थरथरणाऱ्या सपाट प्लेटने दाबणारे यंत्र) वेगळा दाबला. उतार मीटरला २ सेंमी, घरापासून बाहेर. कडांना काँक्रीट. वर ३० मिमी वाळू; ती दाबायची नाही, फक्त पट्टीने सपाट करायची. ब्लॉक बसवून कॉम्पॅक्टर, सांध्यांत कोरडी बारीक वाळू, पुन्हा कॉम्पॅक्टर.

कंत्राटदाराकडून थरांची जाडी कोटेशनमध्ये लिहून घ्या. ब्लॉक बसण्याआधी भराव स्वतः मोजा.