पट्टकादंब पाहायला निघण्यापूर्वी

पट्टकादंब हा रानटी हंस (बार-हेडेड गूज) महाराष्ट्रात हिवाळ्यापुरता येतो, तोही मोजक्या जलाशयांवर. म्हणून उजनी, जायकवाडी किंवा नांदूर मध्यमेश्वरला जायचे असल्यास डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा आणि पाणी कितपत ओसरले आहे, हे आधी स्थानिक नावाड्याला विचारून घ्यावे. काठावरचे ओले गवत उघडे पडले असेल तर थवा तिथे चरायला उतरण्याची शक्यता वाढते. हे पक्षी बऱ्याचदा रात्री शेतांत चरतात आणि सकाळी पाण्याकडे परततात, तेव्हा उजाडण्यापूर्वी काठावर पोहोचावे.

ओळखीची उजळणी घरीच करावी. पांढऱ्या डोक्यामागे दोन काळे पट्टे, टोकाला काळी असलेली पिवळी चोच आणि पिवळसर नारिंगी पाय ही प्रौढ पक्ष्याची लक्षणे. पिल्लांच्या डोक्यावर मात्र हे पट्टे नसतात, त्यामुळे एकट्या पिल्लाची नोंद घाईने करू नये. कलहंस हा दुसरा रानटी हंस (ग्रेलॅग गूज) आपल्याकडे याहूनही विरळ असून त्याची चोच व पाय गुलाबी असतात. कलहंस दिसल्यासारखे वाटले, तर तो गावातला पाळीव हंस नाही ना, याची खात्री करून घ्यावी आणि छायाचित्राचा पुरावा अवश्य ठेवावा.

दुर्बीण हवीच, पण माझ्या मते मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा तिकाटण्यावरची स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची शक्तिशाली दुर्बीण, अधिक मोलाची आहे. मंगोलियात अभ्यासकांनी काही पट्टकादंबांच्या मानेत अक्षरे आणि अंक असलेली पट्टी बसवली होती आणि असे पक्षी भारतातही आढळले आहेत. पट्टी दिसल्यास तिचा रंग आणि त्यावरील मजकूर जसाच्या तसा वहीत उतरवावा. अस्पष्ट अक्षर अंदाजाने भरू नये.

होडी थेट थव्याकडे नेण्याचा आग्रह कोणीही धरू नये, आणि चरणाऱ्या पक्ष्यांनी एकदम माना ताठ केल्या की तिथेच थांबावे. उपग्रह-मागोव्यात ७,००० मीटरहून अधिक उंचीवर नोंदले गेलेले हे पक्षी परतीच्या हिमालयपार प्रवासासाठी इथेच चरबी साठवतात; त्यांना पुन्हा पुन्हा उडवले की तेवढे चरणे बुडते. अभयारण्यात ड्रोन नेऊच नये.

वहीत ठिकाण, वेळ, प्रौढ व पिल्लांची वेगळी संख्या आणि पाण्याची स्थिती यांसाठी रकाने आखून ठेवावेत, नोंद त्याच दिवशी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरावी आणि थवा दिसला नाही तरी इतर पक्ष्यांची पूर्ण यादी द्यावी, म्हणजे पट्टकादंब त्या दिवशी आढळला नाही हेही नोंदले जाईल.