उरलेल्या लोकरीचं वाण: अदलाबदल कशी करावी

विणणाऱ्या प्रत्येक बाईच्या कपाटात वरच्या फळीवर एक पिशवी असते. स्वेटर झाला, अर्धा गुंडा उरला. मफलर झाला, पाऊण गुंडा उरला. टाकून देववत नाही आणि धड काही पुरंही होत नाही. आमच्या कोथरूडच्या गटात चौदा जणी आहेत. आम्ही या पिशव्यांची सोय लावली ती अशी: माझी उरलेली लोकर तुझ्याकडे जाते, तू त्यातून माझ्यासाठी काहीतरी विणतेस आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तेच वाण म्हणून माझ्या हातात येतं. आपल्याच जुन्या स्वेटरचा रंग दुसरीच्या हातून टोपी होऊन परत येतो, त्याची मजा विकतच्या वाणाला नाही.

हे करायला सोपं आहे, एक पायरी सोडली तर: लोकर ओळखणं. आणि नेमकी तीच पायरी सगळे सल्ले देणारे गाळतात. "लोकर ती लोकर, रंग जुळले की झालं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते म्हणणारीला मी गटात घेताना दोनदा विचार करते.

पुड्या आणि चिठ्ठ्या

कोजागिरीला पुड्या गोळा करायच्या, संक्रांतीला वाण. मध्ये साधारण तीन महिने मिळतात आणि त्यात दिवाळी जाते, म्हणून याहून कमी वेळ ठेवू नका. प्रत्येकीने शंभर ग्रॅमची पुडी आणायची, घरच्या काट्यावर तोलून. एका पुडीत जास्तीत जास्त चार रंग. दहा ग्रॅमच्या आतले तुकडे चालणार नाहीत. ते उशीत भरायला ठेवा.

चिठ्ठ्या काढताना गोल करायचा: मी तुझ्यासाठी, तू तिसरीसाठी, तिसरी चौथीसाठी. दोघींची आपसात अदलाबदल होऊ द्यायची नाही. झाली की "मी एवढं जाळीचं काम केलं आणि हिने मला चार चहाचे कोस्टर दिले" हे सुरू होतं. पहिल्या वर्षी आम्ही ते सोसलंय.

लोकर ओळखणं

आता खरं काम. आपल्याकडे मऊ आणि गुंड्यात मिळणारं सगळंच लोकर. दुकानात 'बेबी वूल' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं, मेंढीशी त्याचा काही संबंध नसतो. वापरायला त्यात काही वाईट नाही. पण ॲक्रिलिक आणि खरी लोकर एकाच टोपीत आल्या की घोळ होतो, आणि उरलेल्या गुंड्यावर लेबल कधीच नसतं.

तिसऱ्या वर्षी माझ्या वाट्याला आलेल्या पुडीत मरून आणि साय-रंगाचे दोन गुंडे होते. हाताला दोन्ही सारखेच लागले. मी मैत्रिणीच्या नातवासाठी पट्ट्यापट्ट्यांची टोपी विणली, खाली गोंडा लावला, सगळ्यांनी वाहवा केली. पंधरा दिवसांनी तिच्या सुनेने ती गरम पाण्यात मशीनला टाकली. साय-रंगाच्या पट्ट्या आवळल्या, मरूनच्या जशाच्या तशा राहिल्या आणि टोपीचा डमरू झाला. शिवाय मरूनचा रंग उतरून उरलेली साय गुलाबी. चूक सुनेची नव्हती. लहान मुलाची टोपी कोण गार पाण्यात हाताने धुत बसणार? चूक माझी आणि पुडी देणारीची.

तेव्हापासून नियम असा की पुडी देणारीने लोकर ओळखून, चिठ्ठी लावूनच द्यायची.

पहिली परीक्षा जाळून. बोटभर तुकडा चिमट्यात धरायचा, खाली स्टीलची ताटली, शेजारी पाण्याचं भांडं. पदर खोचलेला, केस बांधलेले, अंगात सुती कपडे. हे अवघड आहे म्हणून सांगत नाही. ॲक्रिलिक वितळून थेंब पडतो आणि तो कातडीला चिकटतो. माझ्या अंगठ्यावर अजून डाग आहे. खरी लोकर ज्योतीतून बाहेर काढली की बहुधा आपोआप विझते, केस जळल्याचा वास येतो आणि मागे काळी राख राहते, ती बोटांत चुरडली जाते. ॲक्रिलिक जळत राहतं, काळा धूर निघतो आणि गार झाल्यावर कडक मणी उरतो, तो चुरडत नाही. सूत कागदासारखं भरभर जळतं, वासही कागदाचा, राख करडी आणि हलकी. केसाचा वास आला आणि मणीही झाला, तर मिश्रण समजा आणि लोकरीसारखंच जपा.

इथे थांबणाऱ्या बऱ्याच आहेत. थांबू नका. जाळून लोकर कळते, पण ती आवळेल की नाही हे कळत नाही. हल्ली मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर मिळते. ती जळताना अगदी साध्या लोकरीसारखी वागते आणि धुताना आटत नाही. म्हणून दुसरी परीक्षा: वीतभर धागा गरम पाण्यात साबण लावून तळहातांत पाचेक मिनिटं जोरात चोळा. दोरी झाली, पीळ सुटेनासा झाला, तर ही आटणारी लोकर. धागा मोकळाच राहिला तर निर्धास्त.

तिसरी परीक्षा रंगाची. तोच ओला धागा पांढऱ्या सुती फडक्यात गुंडाळून वर काहीतरी जड ठेवा आणि रात्रभर सोडून द्या. लाल, मरून, गडद निळा, काळा यांच्यावर विश्वास ठेवू नका. डाग पडला तर तो गुंडा पांढऱ्याबरोबर एका पुडीत जाणार नाही. "व्हिनेगर टाकलं की रंग पक्का होतो" हा सल्ला मला दर वर्षी कोणीतरी देतं. धागा एकदा रंगवून झाल्यावर नुसतं व्हिनेगर टाकून सगळ्याच धाग्यांचा रंग बसत नाही. मी दोनदा करून बघितलं, दोनदा फडकं गुलाबी.

आणि जाडी. चार प्लाय, आठ प्लाय हे लेबलवर असतं, तुमच्या पिशवीत नसतं. मोजपट्टीवर धागा शेजारी शेजारी गुंडाळा आणि अडीच सेंटीमीटरमध्ये किती फेरे बसतात ते मोजा. ढोबळमानाने नऊ-दहा फेरे म्हणजे जाड, अकरा ते चौदा म्हणजे मध्यम, त्याहून जास्त म्हणजे बारीक. धागा ओढायचा नाही, नुसता टेकवायचा. मी सुरुवातीला ताणून मोजायचे, त्यामुळे जाड लोकर मला मध्यम वाटायची आणि टोपीचा एक पट्टा फुगून यायचा. एका पुडीतले गुंडे दोन-तीन फेऱ्यांच्या फरकात असावेत. बारीक धागा दुहेरी घेतला तर साधारण मध्यम होतो, म्हणून चार प्लायचे दोन उरलेले गुंडे एकत्र बांधून द्या, त्यांची सोय लागते.

हे सगळं एका संध्याकाळचं काम आहे. ज्या जणी "एवढं कोण करतं" म्हणतात त्यांना मी सांगते, मग सुताचे कोस्टर करा, गटात नको.

कसर

खरी लोकर असेल तर बंद पिशवीत घालून तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि मगच पुडी बांधा. तुमच्या कपाटातली कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, दुसरीच्या कपाटात पाठवू नका. डांबराच्या गोळ्या मात्र टाकू नका, तो वास बाळाच्या टोपीला नको.

विणणं

यावर काय सांगायचं, तुम्हाला येतंच. फक्त लोकर पुरेल का याचा अंदाज आधी घ्या. साध्या सुलट-उलट विणीत एका सुईला, म्हणजे एका ओळीला, रुंदीच्या साधारण तिप्पट धागा लागतो आणि टाके बंद करायला थोडा जास्तच. शेवटच्या सुईला वीतभर कमी पडला की जो जीव जातो तो मला ठाऊक आहे. क्रोशाला सुयांपेक्षा जास्त लोकर जाते, म्हणून नेमक्या वजनाच्या पुडीत खांबांची (क्रोशाच्या उभ्या टाक्यांची) घट्ट वीण करायला घेऊ नका. मध्यम लोकरीच्या शंभर ग्रॅममध्ये मोठ्या माणसाची कानटोपी आरामात होते, किंवा बाळाची टोपी आणि मोज्यांची जोडी.

जोड देताना आटणारी लोकर असेल तर दोन टोकं उकलून, ओली करून तळहातांत घासली की एकजीव होतात, गाठ लागत नाही. ॲक्रिलिकवर हे करत बसू नका, जन्मात होणार नाही. तिथे टोकं सुईने आत ओवून घ्यावीत. ॲक्रिलिकला इस्त्रीही लावायची नाही. एकदा लोळागोळा झालं की परत उभं राहत नाही.

वाण देताना

तिळगुळाबरोबर वस्तू द्या आणि सोबत एक चिठ्ठी: कशाची आहे, गार पाणी की मशीन, इस्त्री चालेल का. ही चिठ्ठी वस्तूलाच टाचणीने लावू नका, आम्ही एकदा बाळाच्या टोपीला लावली होती. धाग्याने बांधा. आणि प्रत्येक रंगाचा हातभर धागा त्याच पुडीत परत ठेवा. वर्षभरात कुठे टाका सुटला तर रफू करायला नेमका तोच रंग बाजारात मिळत नाही.