शोलाकिळीचं खानदान शोधायचंय? लॅपटॉप काढा

पुण्याच्या वेताळ टेकडीवर टिकेल्स ब्लू फ्लायकॅचर बघितलाय ना? मग शोलाकिळीच्या लांबच्या भावकीला तुम्ही आधीच भेटलायत. शोलाकिळी म्हणजे तिकडे केरळ-तामिळनाडूत, डोंगरमाथ्यावरच्या शोला जंगलात जमिनीलगत फिरणारा छोटा निळा पक्षी. लोक त्याला रॉबिन म्हणायचे, कधी ब्रॅकिप्टेरिक्स या गटात टाकलं कधी मायोमेलामध्ये, आणि शेवटी २०१७ साली डीएनए बघून शोलिकोला हा वेगळा जीनसच (प्रजातींचा गट) करावा लागला, कारण वंशवृक्षात, म्हणजे कोण कोणाच्या जवळचं ते दाखवणाऱ्या झाडात, तो निल्टाव्हा, सायॉर्निस वगैरे फ्लायकॅचरच्या शेजारी जाऊन बसला. आपला टिकेल्स सायॉर्निसच.

हे झाड घरी बसून फुकटात काढता येतं.

आधी एनसीबीआय या जनुकांच्या खुल्या माहितीसाठ्याच्या साइटवर न्यूक्लिओटाइड निवडा आणि सायटोक्रोम बी हा मायटोकॉन्ड्रियातला (पेशीच्या ऊर्जाघरातला) जीन शोधा. पक्ष्यांमध्ये तो पूर्ण ११४३ डीएनए-अक्षरांचा असतो, तुकडे चालतात पण फार छोटे घेऊ नका. शोलिकोला टाकून कमी मिळालं तर जुन्या नावांनीही शोधा, नाव बदललं तरी जुन्या नोंदी कुठे जात नाहीत. सोबत निल्टाव्हा, सायॉर्निस आणि मायोमेला पण घ्या, नाहीतर गंमतच कळणार नाही. एक आउटग्रुप लागतो, म्हणजे खानदानाबाहेरचा पण अगदी परका नाही असा. ऑरेंज-हेडेड थ्रश घ्या. सिंहगडावर शीळ घालणारा मलबार व्हिसलिंग थ्रश मात्र घेऊ नका हं, नावात थ्रश असला तरी तो फ्लायकॅचरच्याच कुटुंबातला आहे, पाहुणा म्हणून बोलावलेला घरचाच निघायचा.

सगळे सिक्वेन्स (अक्षरांच्या ओळी) एका फास्टा नावाच्या साध्या मजकूर फाइलमध्ये टाकून मेगा या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा, त्यातल्या मसलने अलाइन करा, म्हणजे अक्षरं एकाखाली एक जुळवा, आणि प्रोटीनमध्ये भाषांतर करून बघा. इथे मी पहिल्यांदा अर्धा रविवार घालवला, कारण सगळीकडे स्टॉपचे, म्हणजे 'इथे प्रोटीन संपलं' असं सांगणारे, तारे दिसायला लागले आणि मला वाटलं डेटाच सडका आहे. डेटा ठीक होता, मीच भाषांतराचा कोड 'स्टँडर्ड' ठेवला होता! मायटोकॉन्ड्रियात टीजीए ही तीन अक्षरं म्हणजे स्टॉप नाही, ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. 'व्हर्टिब्रेट मायटोकॉन्ड्रियल' निवडा. त्यानंतरही मधेच तारा दिसला तर तो सिक्वेन्स काढून टाका, बहुतेक केंद्रकात घुसलेली जुनी नक्कल असते.

पुढचं सोपं. अक्षरं कशी बदलतात याचं मॉडेल मेगालाच निवडू द्या, झाड काढायची पद्धत मॅक्सिमम लाइकलीहूड, बूटस्ट्रॅप (फांदी किती भरवशाची ते तपासायची फेरचाचणी) १०००, आणि चहा. फांदीवर ७० च्या खालचा आकडा असेल तर तिच्यावर फार बोलू नका.

आता झाडासोबत नकाशा ठेवा. पालघाटची तीस-चाळीस किलोमीटरची खिंड, तिच्या उत्तरेला नीलगिरीची शोलाकिळी, दक्षिणेला पांढऱ्या पोटाची, आणि आणखी खाली शेंकोट्टाच्या छोट्या खिंडीपलीकडे अशांबूची. खिंडीत जंगल सखल आणि उष्ण, थंड शोलाची सवय असलेला पक्षी ती ओलांडत नाही, म्हणून दोन्हीकडची पिल्लावळ वेगळी होत गेली. किती जुनी फारकत ते ढोबळ काढायचं तर दोन पक्ष्यांतला फरक टक्क्यांत काढून २.१ ने भागा, उत्तर लाख नाही, दशलक्ष वर्षांत येतं. म्हणजे ८ टक्के फरक असला तर जवळजवळ ४० लाख वर्षं. ढोबळच हं, यावर पैज लावू नका. शिवाय मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो, त्यामुळे हा माहेरचाच इतिहास झाला. केंद्रकातले जीन मिळाले तर त्यांचं वेगळं झाड काढा आणि दोन्ही जुळली नाहीत तर एकही डिलीट करू नका.