मीटरमध्ये एलईडी बसवताना या चुका टाळा

ट्रकच्या मीटरमधले जुने बल्ब काढून एलईडी बसवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, असे समजणारेच पुढे आठवडाभर वायरिंग चाचपत बसतात.

सर्वांत महागात पडणारी चूक चार्जिंगच्या दिव्याची आहे. बॅटरीचे चिन्ह असलेला तो लाल दिवा बऱ्याच जुन्या ट्रकमध्ये केवळ इशाऱ्यासाठी नसतो. चावी फिरवल्यावर त्याच बल्बमधून जाणारा प्रवाह अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) फील्डला, म्हणजे त्यातल्या चुंबकीय गुंडाळीला, सुरुवातीचे चुंबकत्व देतो. 24 व्होल्ट, 2 वॅटच्या बल्बमधून सुमारे 80 मिलिअँपिअर प्रवाह जातो, एलईडीमधून मात्र त्याच्या कितीतरी कमी, त्यामुळे इंजिन संथ असताना चार्जिंग सुरूच होत नाही. त्या जागी एलईडी लावलेला असा एक ट्रक माझ्याकडे आला, तोवर मालकाने बॅटऱ्या, कार्बन ब्रश, रेग्युलेटर आणि शेवटी अख्खा अल्टरनेटर बदलून झाला होता. इंजिन जोरात रेस केले की चार्जिंग सुरू होई, त्यामुळे तपासणारा प्रत्येक जण ‘सगळे ठीक आहे’ म्हणून मोकळा होई. त्यातून एलईडी उलटा बसवलेला असल्याने तो पेटतच नव्हता आणि चालकाला इशाराही मिळत नव्हता. त्या जागी साधा बल्ब लावताच आयडलिंगवर 24 च्या आसपास रेंगाळणारा व्होल्टेज 28 च्या जवळ गेला. एलईडीला समांतर रेझिस्टर जोडूनही हे साधते, पण तापणारा रेझिस्टर मीटरच्या प्लास्टिकला टेकवून ठेवणे मला पटत नाही. मी तिथे जुना बल्बच राहू देतो.

एलईडीला उलटसुलट असते, हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही मीटर पूर्ण आवळल्यावरच चावी फिरवली जाते. आधी चावी फिरवून प्रत्येक इशारा दिवा पाहावा. न पेटलेल्याचा होल्डर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवावा. हे करताना घाई नको, कारण मीटरच्या पाठीवरील पातळ पट्टीवरचे तांब्याचे मार्ग होल्डर रेटल्यास उचकटतात आणि त्यांची दुरुस्ती बल्बच्या कामापेक्षा किचकट ठरते.

24 व्होल्टच्या ट्रकमध्ये 12 व्होल्टचे एलईडी लावू नयेत. रंग बदलण्याच्या हौसेपायी काटे उपटू नयेत, कारण ते पुन्हा नेमक्या जागी बसवणे कठीण असते. जुन्या रिओस्टॅटच्या (फिरवून रोध कमी-जास्त करणाऱ्या) डिमरने एलईडी फारसे मंद होत नाहीत, म्हणून मुळातच कमी उजेडाचे घ्यावेत. रात्री काचेत पडणारे मीटरचे प्रतिबिंब सुंदर दिसले, तरी समोरचा रस्ता त्यामागे झाकला जातो.