रोममध्ये प्राचीन स्टेडियम बघा, तेही फुकटात

पियाझा नव्होना या चौकात सगळे कारंज्यांचे फोटो काढतात आणि निघतात. आपण इसवी सन ८६ च्या सुमारास बांधलेल्या रोमन सम्राट डोमिशियनच्या स्टेडियममध्ये उभे होतो, हे कळतच नाही. खालच्या संग्रहालयाला तिकीट आहे. पण एक तुकडा रस्त्यावरूनच दिसतो.

१. चौकाच्या उत्तर टोकाला, नेपच्यूनच्या कारंज्याकडे जा.
२. तिथून बाहेर पडून इमारतींच्या मागे वळा. पियाझा दी तोर सांग्विन्या लागेल.
३. इमारतीच्या पायथ्याशी कठड्यावरून खाली वाका. ट्रॅव्हर्टाइन दगडाची कमान दिसेल, आजच्या रस्त्यापेक्षा बरीच खाली.
४. आता परत चौकात या. हे मात्र चुकवू नका. उत्तर टोक गोलसर, दक्षिण टोक जवळपास सरळ, मधला लांबट पट्टा म्हणजे धावण्याचं मैदान. भोवतालची घरं प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या जागी उभी आहेत. 'नव्होना' हे नावही 'आगोन', म्हणजे स्पर्धा, या ग्रीक शब्दावरूनच आलेलं.

दहा-पंधरा मिनिटं पुरतात. फक्त कमानीचा फोटो काढताना मागे मागे सरकू नका, पाठीमागे रहदारीचा रस्ता आहे.